टी-शर्टवर ‘लीडर’ छापून भागत नाही

बारावीचा निकाल लागला की क्रीडा व्यवस्थापनाच्या पदव्यांच्या जाहिराती सुरू होतात. फोटो ठरलेला. दिव्यांनी उजळलेलं स्टेडियम, गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. खाली मजकूर: लीग, प्रायोजक, खेळाडूंचे करार, प्रक्षेपणाचे हक्क. या जाहिरातींत डोंगर नसतो, नदी नसते, समुद्र नसतो. मला हे फार खटकतं. पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी लोणावळा, माळशेज, हरिहर या बाजूला जी गर्दी उसळते, तिचं काय करायचं हे रीतसर शिकलेला माणूस त्या गर्दीत शोधूनही सापडत नाही.

क्रीडा व्यवस्थापन हा विषयच मुळात स्टेडियमच्या दारात जन्मला. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी 1957 मध्ये प्राध्यापक जेम्स मेसन यांच्याकडे विचारणा केली की, क्लब आणि मैदान चालवणारी माणसं घडवणारा अभ्यासक्रम कुठे आहे? तो नव्हता. 1966 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात तो सुरू झाला. तिकीट, जागा, जमाखर्च ही त्याची मुळाक्षरं. त्यात चूक काहीच नाही.

पण मोकळ्यावरच्या शिक्षणाचं घराणं वेगळं. 1941 मध्ये, ऐन महायुद्धात, शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ची शाळा काढली. पैसा आणि पाठबळ जहाज कंपनीचे लॉरेन्स हॉल्ट यांचं. बुडालेल्या जहाजांच्या होड्यांमध्ये तरुण खलाशी तग धरत नाहीत, शिडाच्या जहाजांवर मुरलेले वयस्क खलाशी धरतात, हे हॉल्ट यांना छळत होतं. पुढे 1965 मध्ये पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकाने अमेरिकेत वायोमिंगमध्ये ‘नोल्स’ ही संस्था उभी केली. मुलांना डोंगरात न्यायला सगळे उत्सुक, पण नेणारे तयार कुठे आहेत, हा त्याचा सवाल होता. एका घराण्याने खेळाचा धंदा कसा चालवायचा ते शिकवलं, दुसऱ्याने माणसं जिवंत परत कशी आणायची ते. परदेशातल्या कित्येक विद्यापीठांनी ही दोन्ही एका पदवीत आणली. आपण पहिलं उचललं आणि दुसरं हौशी मंडळींवर सोडून दिलं.

हौशी मंडळींबद्दल माझ्या मनात आदरच आहे. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स ही पोरं रात्री-अपरात्री हातातलं काम टाकून दरीत उतरतात आणि अनोळखी माणसांना वर काढतात. माझा राग आहे तो त्यांच्या जिवावर चालणाऱ्या बाजारावर. समाजमाध्यमावर एक पोस्ट, बस भाड्याने, चहा-नाश्ता-जेवणासकट एक आकडा, आणि सोबत तीन वेळा तो गड पाहिलेला एक मुलगा. त्याच्या टी-शर्टवर लिहिलेलं असतं ‘लीडर’. प्रथमोपचाराची पेटी असते. पण सापाने चावलेल्या पायाला करकचून बांधायचं नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हरिहर गडच घ्या. निरगुडपाडा किंवा हर्षेवाडीहून वर आलं की कातळात कोरलेला तो प्रसिद्ध जिना समोर येतो. चढ जवळपास 80 अंशांचा, रुंदी एका माणसाची, धरायला प्रत्येक पायरीत खोदलेल्या खोबण्या. सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी त्याच पायऱ्यांवर. मधे कुणीतरी घाबरून थिजतो, खालचे ओरडतात, वरचे ढकलतात, एकाच खोबणीत दोघांचे हात. इथे दोरापेक्षा आधी लागतं ते नियोजन. वर किती सोडायचे, उतरणाऱ्यांना कुठली वेळ द्यायची, जिन्याच्या तळाशी आणि माथ्यावर कोण उभं राहणार, पाऊस वाढला तर कुठल्या क्षणी जिना बंद करायचा. स्टेडियमचं फाटक सांभाळण्याचं शास्त्र आणि कातळाची समज, दोन्ही एकाच माणसाकडे हवी. असा माणूस विद्यापीठाने घडवायचा नाही तर कुणी?

आता पाण्याचं. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात अचानक पाणी वाढलं आणि एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत लहान मुलं होती. पाणी चढू लागलं की ते सांगतं. रंग गढूळतो, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज बदलतो. काठावर पाण्याला टेकवून ठेवलेला दगड थोड्या वेळात बुडाला, तर उठायचं आणि सगळ्यांना उठवायचं. वरच्या अंगाला शिट्टी घेऊन एक माणूस उभा करायचा. यात एकही महागडी वस्तू नाही. हे शिकवायला लागतं, आणि शिकलेल्याला तिथे पगारी नेमायला लागतं.

न्यूझीलंडने ही किंमत मोजून धडा घेतला. 15 एप्रिल 2008 ला मांगाटेपोपो नदीच्या घळीत पावसाने पाणी चढलं आणि सहा विद्यार्थी व एक शिक्षक गेले. त्यांना नेणारं केंद्र चांगलं नावाजलेलं होतं, सर एडमंड हिलरी यांच्या नावाचं. तिथल्या लोकांनी ‘दुर्दैव’ म्हणून फाइल मिटली नाही. अशा अपघातांनंतर सरकारने साहसी उपक्रमांची तपासणी करवली आणि 2011 मध्ये नियम केले: सुरक्षेची बाहेरच्या माणसांकडून छाननी झाल्याशिवाय, नोंदणीशिवाय व्यवसाय नाही.

आपल्याकडेही 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं. नोंदणी आली, सुरक्षेच्या अटी आल्या. पण अटी पाळणारी माणसं कुठून आणणार? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था ‘नोल्स’च्याच वर्षी, 1965 मध्ये, सुरू झाली आणि तिथून महाराष्ट्रातल्या पिढ्या शिकून आल्या. तिथलं शिक्षण मात्र मुख्यतः बर्फाचं, हिमनदीचं. सह्याद्रीचे प्रश्न निराळे आहेत. सुटून येणारा दगड, निसरडं शेवाळ, मार्च-एप्रिलमधला उष्माघात, गडावरची आग्या मोहोळं, धुक्यात चुकलेली वाट. काजव्यांच्या दिवसांत टॉर्च आणि मोबाइलचा उजेड पाडणारी गर्दी, जिच्यामुळे काजव्यांचं मीलनच बिघडतं. पुण्यात ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण मंडळाच्या संस्थेने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या साथीने गिर्यारोहणाची पदविका सुरू केली, हे मोठं पाऊल. पण पदविकेवर थांबून चालणार नाही. राज्याने 2020 मध्ये क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला आणि जागा ठरवली बालेवाडीची. बालेवाडीत स्टेडियम आहे, सह्याद्री नाही. या विद्यापीठाचा एक विभाग जुन्नर किंवा इगतपुरीला हवा, जिथे विद्यार्थी चारही ऋतू डोंगरात राहतील.

आणि परीक्षा? माझं मत विचाराल तर सर्वांत अवघड पेपर माघारीचा असावा. चाळीस माणसांनी पैसे भरलेत, बस पायथ्याशी लागलीय, पाऊस वाढतोय, मालकाचा फोन येतोय की एवढ्यात परत फिरू नका. अशा वेळी ‘आज वर जायचं नाही’ असं म्हणण्याची हिंमत, ते लोकांच्या गळी उतरवण्याची भाषा, पैसे परत करण्याचा हिशेब आणि विम्याची कलमं या साऱ्याला गुण हवेत. शिखर गाठलेल्याला टाळ्या मिळतातच. पायथ्यावरून चाळीस जणांना सुखरूप घरी नेणाऱ्याला पहिला वर्ग मिळाला पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही पदवी निघाली तर जागा कुणाला? शहरातल्या, भारी बूट घेऊ शकणाऱ्या मुलांनीच त्या भरल्या, तर सगळं मुसळ केरात. हर्षेवाडीच्या, राजमाचीच्या पोरांना ओढ्याचं पाणी कधी चढतं हे पुस्तकाआधी कळतं. आज ती वाट दाखवण्याच्या दिवसाच्या मजुरीवर राबतात आणि नफा शहरातला आयोजक नेतो. त्यांच्यासाठी राखीव जागा हव्यात, शिष्यवृत्ती हवी, अनुभवाला श्रेयांक हवेत आणि पेपर मराठीतून लिहिता यायला हवेत. आठ-दहा वर्षं माणसं नेलेल्या गावकऱ्याला प्रवेशासाठी बारावीचे टक्के विचारू नका. उलट पहिल्या सत्रात त्यालाच शिकवायला उभं करा, आणि त्या तासांचं मानधन विद्यापीठाच्या दराने द्या.