जमावबंदीतले मेणखडू

मेणाचा कलर वापरून संपला, असं तुम्ही कधी ऐकलंय? पेन्सिल संपते, खोडरबर हरवतं, पगार दहा तारखेलाच संपतो. मेणखडू मात्र फक्त तुटतो. आधी अर्धा होतो, मग पाव, मग चिमटीत धरताच येणार नाही एवढा. आणि तेवढा झाला तरी तो फेकायची कुणाची छाती होत नाही.

आमच्या अकोल्याच्या घरी अशा तुकड्यांनी बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा गच्च भरला होता. वरच्या थरात नणंदेच्या मुलीचे तुकडे, त्याखाली नणंदेचे, आणि तळाशी माझ्या नवऱ्याच्या पहिली-दुसरीतले. त्या तळातल्या एकदोघांच्या वेष्टणावर उंट अजून ओळखू येत होता. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, त्याचा उंट पुढे रंगांच्या पाठीवर बसून घरोघरी गेला, आणि आमच्या डब्यात येऊन कायमचा मुक्कामी राहिला. तिन्ही थरांत पांढरा खडू तेवढा अखंड होता. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या खडूने काय काढायचं, हे दोन पिढ्यांत कुणाला सुचलं नव्हतं.

लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा तो डबा रद्दीवाल्याला द्यायला काढला होता. सासूबाई म्हणाल्या, "कायले? तुह्यं काही खाऊन राह्यले काय ते?" विषय संपला. आता माझं माहेर अमरावतीचं. शेंडगावात जन्मलेल्या डेबूजीने हातात फुटकं गाडगं आणि अंगावर चिंध्या घेऊन अख्खा महाराष्ट्र झाडून काढला, तो आमच्या जिल्ह्यातला. आमच्या विद्यापीठालाही त्याच गाडगेबाबांचं नाव. फुटक्या गाडग्याची ही शान असलेल्या मुलखातून आलेल्या बाईने तुटक्या खडूवर काय तोंडाने बोलावं?

यंदा सुट्टीत भाची पुण्याहून आली ती मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून. जुने तुकडे वितळवायचे, त्यात चमकी घालायची, साच्यात ओतायचे, की झाले चमकणारे नवे कलर. व्हिडिओतली बाई परदेशातली होती. तिच्याकडे ओव्हन होता, त्याला काटा होता, बदामाच्या आकाराचे रबरी साचे होते आणि मागे बोलणारी सासू नव्हती.

"मामी, आपल्याकडे ओव्हन आहे?"

मी उत्तर देणार तेवढ्यात सासरे वर्तमानपत्रातून बोलले. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. "बाप्पा! मे महिन्यात अकोल्यात येऊन ओव्हन मागून राह्यली ही पोट्टी. गच्चीवर नेऊन ठेव ना."

त्यांचं शास्त्र पक्कं होतं. खडूतलं पॅराफिन मेण साधारण पन्नास ते साठ अंशांत वितळतं. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकतो, आणि तो पारा सावलीतला असतो. उन्हात तापलेला टिनाचा पत्रा साठीच्या पुढे सहज जातो. आमच्याकडे उन्हाची तक्रार करायची पद्धत नाही. उन्हाचा अभिमान बाळगायची आहे. अमरावतीहून माझे बाबा फोनवर म्हणतात, "आज चव्वेचाळीस होतं इकडे." त्यावर सासरे कनवाळूपणे विचारतात, "फक्त?" मे 2024 च्या अखेरीस अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी जिल्ह्यात कलम 144 लावलं, तेव्हा तर त्यांचा चेहरा जिल्ह्याला पद्मश्री मिळाल्यासारखा झाला होता. दंगलीसाठी जमावबंदी कुठेही लागते, पण सूर्यासाठी लागायला अकोलाच पाहिजे. त्या हिशेबाने आमच्या गच्चीवर भर दुपारी चारपेक्षा जास्त खडू एकत्र ठेवणं जरा जोखमीचंच.

आधी वेष्टणं काढायची. खडू रात्रभर बादलीत भिजत घातले की कागद सालीसारखा सुटतो. नखांनी ओरबाडत बसण्यापेक्षा हे बरं. मग साच्याचा प्रश्न आला. माझी नजर आप्पेपात्राकडे गेली आणि माझ्या नजरेकडे सासूबाईंची. "माह्यं आप्पेपात्र भेटणार नायी." शेवटी जुन्या फ्रिजमधला ॲल्युमिनियमचा बर्फाचा ट्रे माळ्यावरून उतरवला. तोही फेकलेला नव्हताच.

गच्चीवर त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. एका धोतरावर कुरडया, दुसऱ्यावर मुगाच्या वड्या, कोपऱ्यात सरगुंडे. त्यांच्या शेजारी भाचीने ट्रे मांडला: एका खणात लाल-नारिंगी, दुसऱ्यात निळा-जांभळा, सगळं आखीव. तासाभराने पाहिलं तर उन्हाने परस्पर प्रतवारी केलेली. मेणाचे कलर वितळून पाणी झाले होते. तेलखडू मऊ पडून कुशीवर झोपले होते. त्यांच्यात तेल असतं, ते पुन्हा धड कडक होत नाहीत. आणि तिसरी जात प्लॅस्टिकच्या कलरांची. ते जसे ठेवले तसेच उभे, पक्के अकोलेकर.

मग चमकी. ही चीज म्हणजे पॉलिएस्टरची झिरझिरीत फिल्म, तिच्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा, आणि तिचे कापलेले बारीक बारीक तुकडे. त्याआधी चमचमाटासाठी अभ्रकाची पूड असायची, ती निदान दगडाची होती. ही प्लॅस्टिकची, त्यामुळे हिला मरण नाही. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 मध्ये अशा सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी घातली. टिळक रोडवरच्या दुकानदारापर्यंत ती बातमी पोचली नव्हती. त्याने वर एक पुडी फुकट दिली.

चमकी मेणाहून जड. पातळ मेणात टाकली की सरळ तळाला जाऊन बसते. त्यामुळे अर्धा खडू सोन्याचा आणि अर्धा कोरडा असा प्रकार होतो. उपाय सोपा आहे: मेण जरा दाटसर होऊ द्यायचं, मग चमकी घालून काडीने ढवळायचं. व्हिडिओतली बाई म्हणाली, पाच मिनिटं थांबा. आम्ही उन्हात तासभर थांबलो, मेण पातळच. अकोल्यात मे महिन्यात काहीही थंड होत नाही, रात्री अकरानंतर माणसं थोडी होतात. नवऱ्याने चिखलदऱ्याला जाऊन खडू गोठवायची सूचना केली. त्याला आठ दिवसांची रजा टाकायला निमित्त हवंच होतं. अखेर ट्रे फ्रीजरमध्ये, आमरसाच्या डब्यांवर चढवला.

सकाळी खडू झाले! खरंच झाले, आणि सुंदर झाले. भाचीने त्यातला निळा घेऊन वहीवर आभाळ काढलं. आभाळ निळं उमटलं, पण चमक काही उतरली नाही. रंग कागदाला आणि चमकी हाताला, अशी वाटणी झाली होती. हाताची गालाला, गालाची उशीला, उशीची नवऱ्याला. तो तसाच बँकेत गेला, तर शिपायाने विचारलं, "साहेब, कोणाची वरात होती?" पण कहर कुरडयांचा झाला. गच्चीवर वारा सुटला, पुडी उघडी होती, आणि संध्याकाळी सासूबाईंनी धोतर उचललं तेव्हा कुरडया लुकलुकत होत्या. युरोपने ज्या मालाचा धसका घेतला तो तळून खायची वेळ आली होती. ती खेप टाकून द्यावी लागली. या घरात टाकून दिलेली ही पहिली वस्तू, म्हणून सासूबाईंनी दोन दिवस कुणाशी धड बोलणं टाकलं.

भाचीला आपले कलर अमरावतीच्या आजीला दाखवायचे होते, म्हणून रविवारी गाडी काढली. हा रस्ता म्हणजे आमच्या भागाचं भूषण. जून 2022 मध्ये इथे लोणी ते माना 75 किलोमीटरचा एका पट्ट्याचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत, अहोरात्र काम करून टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. सासरे दरवेळी या रस्त्याला लागलं की हे सांगतात. या खेपेला त्यांनी पुढचा धडाही घेतला. कच्चं तेल तापवलं की आधी पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल निघतं, जड तेलातून मेण मिळतं आणि सगळ्यात खाली उरतं ते डांबर. "म्हणजे हा रोड आन् तुह्ये कलर सख्खे चुलत भाऊ हायेत, समजलं?" भाचीला समजलं. कलरांनाही समजलं असावं. मूर्तिजापूरला आम्ही उसाच्या रसाला उतरलो, डबा काचेखाली डॅशबोर्डवर राहिला, आणि परत येऊन बघतो तर सगळं खानदान एक झालेलं.

सगळे रंग एकत्र केले की इंद्रधनुष्य होत नाही, शेण होतं. चमकणारं शेण. माझी आई मुलीचं मन राखायला म्हणाली, "छान गं, गणपतीच्या डेकोरेशनले होईल." भाचीने मामाकडून तिथेच राजकमल चौकात चोवीस रंगांची नवी पेटी वसूल केली आणि सुट्टी संपवून पुण्याला गेली. ढेप आमच्याकडे.

श्रावणात शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला कावडी आल्या. सासरे दर्शनाहून परतले तेव्हा त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर एक चमकी होती, मे महिन्यातली. पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. पावसाने देवघराचं दार फुगलं होतं, लागत नव्हतं. त्यांनी कपाटातून ती तपकिरी ढेप काढली, दाराच्या कडेवर वरपासून खालपर्यंत दाबून घासली आणि दार एका बोटाने लोटलं. कुरकुर न करता मिटलं. चौकट लखलखायला लागली.

सासूबाई चष्मा सावरत जवळ आल्या. बोट फिरवून बघितलं. मग मला म्हणाल्या, "पाह्य. अन् तू रद्दीवाल्याले देऊन राह्यली होती. आता मोरीच्या दाराले बी लाव म्हणा त्यायले."