खोबरेल तेलास अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री खोबरेल तेल, मुक्काम फडताळ, देवघर व न्हाणीघर, यांचे सेवेशी –

कृतानेक नमस्कार विनंती विशेष. आमच्या घरातील बोल्टच्या रायफलीच्या वंगणाचा हुद्दा आपणांस मिळावा अशी दरखास्त आपल्या वतीने आमच्या आत्याबाईंनी दर पावसाळ्याच्या तोंडी गुदरावी, आणि आम्ही ती दर वेळी 'पुढे पाहू' एवढ्या शेऱ्यावर तहकूब ठेवावी, हा प्रकार आता पुष्कळ वर्षे चालला. तेव्हा एकदा साधकबाधक विचार होऊन काय तो निकाल लागावा, आणि आपल्यासारख्या प्रतिष्ठिताच्या बाबतीत तो बंद लिफाफ्यातून न जाता चारचौघांदेखत जाहीर व्हावा, म्हणून हे अनावृत पत्र.

आपल्या थोरवीविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही (तिळाचे नाव येथे केवळ वाक्प्रचारापुरते आले आहे, त्यांची दरखास्त वेगळी आहे व तिचा निकाल पुढे दिला आहे). तान्ह्या मुलाच्या टाळूपासून म्हाताऱ्याच्या गुडघ्यापर्यंत, आणि कुरकुरणाऱ्या बिजागरीपासून अडून बसलेल्या कुलपापर्यंत कोकणातले असे एकही ठिकाण नसेल की जेथे आपली तैनाती झाली नाही. किंबहुना एखाद्या वस्तूवर आपला बोटभर हात फिरवल्याशिवाय तिच्यावर कोणाची माया आहे असे आमच्या घरात कोणी धरतच नाही. संस्कृतात तेलालाही स्नेह म्हणतात आणि मायेलाही स्नेह म्हणतात, या एका शब्दसाम्याने आमच्या रायफलीचे जेवढे नुकसान केले तेवढे चार महिन्यांच्या पावसानेही केले नसेल.

ज्या यंत्राची चाकरी आपण मागता त्याची कुळकथा येथे निवेदन करणे प्राप्त आहे. आमच्या काकांनी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ही ०.३१५ ची रायफल बंगालमध्ये हुगळीच्या काठी ईशापूर येथील सरकारी कारखान्यात घडली. परंतु तिचे अंतरंग जेम्स पॅरिस ली या, स्कॉटलंडात जन्मून कॅनडात वाढलेल्या कारागिराच्या कल्पनेतले आहे, आणि त्याने योजलेला बोल्ट १८८८ मध्ये ली-मेटफर्ड व १८९५ मध्ये ली-एन्फील्ड या नावाने इंग्रजी फौजेत रुजू झाला तो दोन महायुद्धे उलटली तरी चाकरीवरून उतरला नाही. लष्करी ०.३०३ चे काडतूस खासगी इसमास वर्ज्य असल्याकारणाने त्याच बोल्टापुढे वेगळ्या मापाची नळी बसवून ती नागरी परवानेदाराच्या हाती देण्याची तोड सरकारने काढली, आणि त्या तोडीचे एक अपत्य आज आमच्या कपाटात उभे आहे. दाराला जसा अडसर तसा बंदुकीला बोल्ट: मूठ उचलावी, मागे ओढावी, पुढे लोटावी, खाली दाबावी, की दार बंद. मात्र लीसाहेबांच्या रचनेत दोन विशेष आहेत. एक, बोल्टाला जागच्या जागी धरणारे खुंट त्याच्या पुढच्या टोकाशी नसून मागच्या अंगास आहेत, आणि दुसरे, आतील स्प्रिंग मूठ उचलताना नव्हे तर बोल्ट पुढे लोटताना दाबली जाते. हे दोन्ही विशेष आपल्या प्रकरणी साक्षीदार म्हणून पुढे येणार आहेत.

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. पावसाळा संपल्यावर आत्याबाईंनी रायफलीस, त्यांच्या शब्दांत, 'न्हाऊमाखू' घातले होते, आणि त्यात बोल्टाच्या पोटात आपली रवानगी वाटीवाटीने झाली होती, याचा आम्हांस सुगावा नव्हता. पहाटेस रानडुकरे सुरणाच्या वाफ्यात शिरल्याची वर्दी आली. बांधाच्या मातीत एक बार काढून त्यांना पिटाळावे अशा बेताने आम्ही खडकीच्या कारखान्याचे काडतूस चढवले, बोल्ट लोटला तो दह्यात रवी फिरावी तसा लोटला गेला, आणि चाप ओढल्यावर जो 'खट्' असा कोरडा आवाज व्हावयाचा त्याच्या जागी, कोणीतरी ओल्या हाताने पाट टेकवावा, तसा एक मऊ आवाज झाला. नळी मातीकडे धरून अर्धा मिनिट थांबण्याचा जो नियम काकांनी घालून दिला आहे तो आम्ही पाळला. डुकरेही थांबली, बहुधा कुतूहलाने. मग काडतूस काढून पाहतो तो त्याच्या बुडावरील टोपीवर फायरिंग पिनची खूण हळदीकुंकवाच्या बोटाइतकीच हळुवार उमटलेली. बोल्ट उघडला तेव्हा आत आपण स्प्रिंगच्या वेढ्यावेढ्यात, पांढरेशुभ्र, पेढ्यासारखे घट्ट, स्थानापन्न झालेले आढळलात.

यात आपला दोष म्हणावा तर तो स्वभावाचा आहे. पारा २४ अंशांच्या खाली उतरला की आपण गोठता, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे, आणि म्हणूनच थंडीत आपली बाटली उन्हात ठेवण्याचा परिपाठ आहे. परंतु डुकरांच्या येण्याची वेळ उन्हाची नसते. थंडीने आळण्याचा हा गुन्हा आपण एकट्यानेच केला असेही नव्हे. १९४१ च्या हिवाळ्यात रशियाच्या बर्फात जर्मन फौजेच्या बंदुकांतील शास्त्रशुद्ध खनिज तेलही घट्ट होऊन बसले, आणि पुष्कळ शिपायांना आपले बोल्ट पुसून कोरडे ठेवावे लागले. पण त्यांना त्यासाठी मॉस्कोची वेस गाठावी लागली. आपणांस आमचे संगमेश्वर पुरले. आपल्यावरचा दुसरा आरोप अधिक गंभीर आहे. आपण जुने होता तेव्हा आपल्या अंगी आम्ले सुटतात, आणि ती पितळेला लागली की हिरवा कळंक धरतो. ज्या यंत्राचे काडतूसच पितळेचे आहे त्याच्या घरात असा पाहुणा किती दिवस ठेवावा?

वंगणाची निवड ही क्षुल्लक बाब आहे, तिच्यासाठी एवढे दफ्तर कशास, असे आपण म्हणाल तर इतिहासाकडे बोट दाखवावे लागेल. १८५७ साली याच एन्फील्डच्या नावाची, तोंडाने ठासावयाची रायफल कंपनी सरकारने शिपायांच्या हाती देण्याचे योजिले, आणि तिच्या काडतुसांना कोणत्या प्राण्याची चरबी लावली आहे या एका प्रश्नावरून जो भडका उडाला त्याची पहिली ठिणगी २९ मार्च रोजी ज्या बराकपुरात पडली ते आमच्या रायफलीच्या ईशापूरपासून फार तर दोनतीन कोसांवर आहे. शिपायांनी बाजारातून आपल्या पसंतीचे तूप-मेण आणून लावावे अशी मुभा सरकारने दिली होती, नाही असे नाही. परंतु एकदा मन विटल्यावर तुपाचा काय उपयोग? वंगण निवडणाऱ्याने ज्याच्या हाती हत्यार आहे त्यास आधी विचारावे, एवढा धडा त्या सरकारास फार महाग पडला. आमच्या घरात तो अद्याप कोणी घेतलेला नाही.

इतर उमेदवारांच्या दरखास्तींचा निकाल आपल्या माहितीस्तव देतो. तिळाचे व मोहरीचे तेल हवेने हळूहळू आळून लाखेसारखा चिकट पापुद्रा धरते, सबब नामंजूर. रॉकेल जुना राप सोडवण्यात तरबेज, पण स्वतः उडून गेल्यावर लोखंडास उघडे टाकणारे. सबब सफाईपुरती रोजंदारी, कायम नेमणूक नाही. मोटारीतून काढलेले काळे तेल फुकट मिळते, हा त्याचा एकमेव गुण, आणि त्यात इंजिनाची काजळी, आम्ले व झिजलेल्या धातूचा चुरा असतो. १९५३ मध्ये अमेरिकेत चाळिसाव्या प्रयत्नात साधलेले म्हणून डब्ल्यूडी-४० या नावाने ओळखले जाणारे फवाऱ्याचे औषध आमच्या पुतण्याने आणले आहे. ते मुळात पाणी हटवण्यासाठी निर्माण झाले आणि ते काम ते चोख करते, पण पाहुण्यासारखे येते आणि पाहुण्यासारखे जाते, मागे उरतो तो पातळसा पदर. काकांच्या पलटणीतील दिवसांत रंगून ऑइल नावाचे एक मातबर गृहस्थ होते, ब्रह्मदेशच्या खनिज तेलातून निघालेले, गंज थोपविण्याविषयी ख्यातनाम. काका त्यांचे नाव आजही आदराने घेतात. पण ब्रह्मदेश १९३७ मध्ये हिंदुस्थानापासून वेगळा झाला, आणि ते गृहस्थ आमच्या बाजारपेठेत आम्ही तरी कधी पाहिले नाहीत.

एक उमेदवार मात्र असा निघाला की त्याच्यापुढे आपण, आम्ही आणि रंगून ऑइल तिघांनीही मान लववावी. ते म्हणजे पाणी. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे, आणि बार उडाल्यावर त्याचे जे क्लोराइड नळीत उरे ते आपल्या स्वयंपाकातील मिठाचे सख्खे चुलतभावंड, दमट हवेत ओल धरून रातोरात गंज चढविणारे. मीठ तेलात विरघळत नाही. त्यावर आपण कितीही स्नेह ओतला तरी ते त्याखाली सुखाने निजते व लोखंड खाते. म्हणून गोरा शिपाई नळीत आधी उकळते पाणी ओती, मग ती कोरडी करी, आणि तेल सर्वांत शेवटी. ज्या लोखंडाला पाण्याची दृष्ट लागू नये म्हणून आम्ही जिवाचे रान करतो त्याच लोखंडाला अगोदर कढत पाण्याने न्हाऊ घालावयाचे, हे आत्याबाईंना पटवताना आमची एक संध्याकाळ खर्ची पडली, आणि अखेरीस त्या एवढेच म्हणाल्या, "मग न्हाऊमाखूच की रे ते!" यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

तर आता नेमणुका. बोल्टाच्या अंगास व फायरिंग पिनच्या वाटेस शिलाई यंत्राचे पातळ तेल, जे घरातल्या घरात मिळते, आळत नाही, आणि ज्याचा एक थेंब पुरतो. मागच्या अंगास असलेल्या त्या खुंटांना, जेथे लोखंड लोखंडावर पूर्ण भाराने घासते, आणि बोल्ट लोटताना जेथे अडून स्प्रिंग दाबली जाते त्या खाचेस, मोहरीएवढे ग्रीस. ग्रीस म्हणजे साबणात कोंडून ठेवलेले तेल, ते ठेवल्या जागी राहते, आपल्यासारखे सर्वत्र संचार करीत नाही. लाकडी दस्त्यास जवसाचे तेल, कारण हवेने वाळून कवच धरण्याचा जो अवगुण लोखंडावर घातक तोच लाकडावर उपकारक. आणि काडतूस बसते त्या कोठडीस काहीही नाही. येथे लीसाहेबांचे मागे असलेले खुंट साक्षीस येतात: बार उडताना पितळी पुंगळी फुगून कोठडीच्या भिंतींना घट्ट धरते आणि मागे येणाऱ्या धक्क्याचा काही भाग स्वतः पेलते; तेथे तेल असेल तर ती पकड सुटते, सगळा धक्का बोल्टावर येतो, आणि खुंट मागे असल्यामुळे मधला सगळा लोखंडी दांडा त्याखाली चेपला जातो. नळीतही बार काढण्यापूर्वी चिंधी फिरवून तेल पुसले पाहिजे. ते साठवणीसाठी आहे, उड्डाणासाठी नव्हे.

मात्रेविषयी काकांचा एक पुरावा जोडतो. त्यांच्या ०.३०३ च्या दस्त्यात, मागच्या झडपेआड, एक पितळी तेलाची कुपी असे, ती त्यांनी आजवर जपली आहे. तिच्या बुचाला आत एक लांबट चमचा जडलेला आहे, आणि त्या चमच्यावर जेवढे तेल येते तेवढ्यात शिपायाचे काम भागावे असा हिशेब. वाटी, पळी व पंचपात्र या मापांचा त्या हिशेबात उल्लेख नाही. जास्तीचे तेल मायेसारखेच कोठे जाईल ते सांगता येत नाही; ते बोल्टातून पाझरून दस्त्याच्या लाकडात मुरते, लाकूड मऊ करते, आणि म्हणून आम्ही तेल दिल्यावर रायफल काही काळ तोंड खाली करून उभी ठेवतो. गेल्या निवडणुकीत हत्यारे ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघाला तेव्हा एका हवालदारसाहेबांनी मोठ्या आपुलकीने तिला नखशिखांत माखून परत दिले. त्या वासावरून आम्ही आपणांस ओळखले. आपली वट कोठवर पोचली आहे याची कल्पना त्या दिवशी आली.

सबब आपली दरखास्त सदरहू कारणांनी नामंजूर करण्यात येत आहे. आपल्या फडताळ, देवघर व न्हाणीघर येथील वतनास यामुळे यत्किंचित बाध येणार नाही. आत्याबाईंस मजकूर कळविला आहे. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

ता. क. – आज पहाटे गारठा बराच होता, आणि पत्र पुरे झाले तेव्हा आपण बाटलीत गळ्यापर्यंत गोठलेले होता. तेव्हा बाटली अंगणात उन्हाला ठेवली असून आपण वितळल्यावर, सुमारे अकराच्या पुढे, आत्याबाई हे पत्र आपणांस वाचून दाखवतील.