ओली बाही

नागपूरच्या प्रतापनगरात असो वा मनीषनगरात, ज्याच्या दिवाणखान्याच्या खिडकीतून रात्री उशिरापर्यंत जांभळट निळा उजेड रस्त्यावर सांडत असतो आणि येणारा-जाणारा ज्याला मनातल्या मनात ऑर्केस्ट्रावाला समजतो, त्या गृहस्थाची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. प्रत्येक वसाहतीत असा एक समुद्रपालक असतोच, आणि दोन असले तर ते एकमेकांशी बोलत नसतात. काचेच्या टाकीत खारे पाणी, सच्छिद्र खडक, त्या खडकांवर जगणारे जीव आणि पोरांना निमो या सिनेमातल्या नावाने ठाऊक असलेली क्लाउनफिश, असा समुद्राचा तुकडा घरात सांभाळणारा मनुष्य म्हणजे समुद्रपालक. गोड्या पाण्यात गप्पी पाळणारे लोक त्याच्या लेखी अद्याप बालवाडीत असतात.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर वसले आहे, आणि झिरो माइलच्या दगडावर कोरलेला उंचीचा आकडा एवढाच या शहराचा समुद्राशी अधिकृत संबंध होय. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर उभे राहिले तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडे होता. नागपूरच्या समुद्रपालकाला तो पाकिटातून काढावा लागतो. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने तीनशे लिटरच्या टाकीला साडेदहा किलो क्षार लागतात, आणि तेही नळाच्या पाण्यात नव्हे, तर गाळून गाळून निर्गुण केलेल्या आरओच्या पाण्यात. ज्या शहराने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश तापमान पाहिले, तेथे टाकीतले पाणी डोळ्यांदेखत आटते, क्षार मात्र मागेच राहतात. त्यामुळे दिवसातून दोनदा गोडे पाणी घालून विशिष्ट घनता, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत टाकीतले पाणी किती जड आहे याचा आकडा, १.०२५ च्या आसपास राखावी लागते. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवणारे चिलर नावाचे यंत्र घरातल्या सर्वांत थंड खोलीत नांदते. कुटुंब कूलरसमोर बसते.

या माणसाची खरी खूण मात्र त्याची उजवी बाही होय. ती सदैव ओली असते. बँकेत, भाजीबाजारात, साक्षगंधात, एवढेच काय, कुणाच्या तेरवीतही हा गृहस्थ उजव्या खांद्यापर्यंत भिजलेल्या शर्टाने हजर होतो, आणि बाही वाळली की तिच्यावर क्षाराची पांढरी रेघ उमटते, जी पाहून नवखा मनुष्य सद्गृहस्थाला घाम फार येतो असे समजून चालतो. कारण असे, की समुद्रपालकाला टाकीत हात घातल्याशिवाय राहवत नाही: खडक तसूभर सरकवणे, काचेवरचे शेवाळ खरवडणे, वेव्हमेकरचे, म्हणजे पाण्याला लाटेचा धक्का देणाऱ्या पंख्याचे, तोंड फिरवणे आणि मग तेच पुन्हा पूर्ववत करणे, यांत त्याच्या संध्याकाळी जातात. ‘हात काढा जी पाण्यातून,’ हे त्या घरात दिवसभरात सर्वाधिक वेळा उच्चारले जाणारे वाक्य असते.

या स्वभावाची परीक्षा समुद्रफूल आजारी पडते तेव्हा होते. समुद्रफूल किंवा ॲनिमोन हे नावापुरतेच फूल. वस्तुतः तो प्रवाळाच्या गोतातला प्राणी असून त्याला मेंदू नसतो, हाड नसते, आणि खाण्याचे व टाकण्याचे द्वार एकच असते. त्याच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते, जे प्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पोसते, आणि पाणी तापले वा बिघडले की हे शैवाल निघून जाते व प्राणी पांढरा पडतो. यालाच विरंजन अथवा व्यवहारात ब्लीच होणे म्हणतात. दुकानात शुभ्र, टोकांना जांभळी झाक असलेले समुद्रफूल सर्वांत देखणे दिसते, आणि देखणे म्हणूनच समुद्रपालक ते विकत घेतो. म्हणजे ज्या रोगावर पुढे त्याच्या रात्री जागून निघतात, त्या रोगालाच तो भाळलेला असतो. ते कुठल्या समुद्रातून आले, असे विचारल्यास दुकानदार ‘मुंबईहून’ असे सांगतो, आणि भूगोल तेथेच संपतो.

आजारी समुद्रफूल आक्रसते, तोंड वासून बसते, खडकाला चिकटून राहणारी त्याची तबकडी, जिला पाय म्हणतात, ढिली पडते आणि ते पाण्यात भरकटू लागते. जाणकारांच्या मते अशा वेळी पाणी स्थिर ठेवावे, उजेड बेताचा द्यावा, पंख्याच्या जाळीला स्पंज लावावा आणि रुग्णाला त्याची जागा त्याला निवडू द्यावी. थोडक्यात, हात खिशात ठेवावा. हाच उपचार समुद्रपालकाला जमत नाही. ते कोपऱ्यात गेले की तो त्याला मध्यभागी आणतो, मध्यभागी मिटले की वर नेतो, आणि रात्री दोनला टॉर्च घेऊन त्याचे तोंड मिटले काय ते पाहतो. शाकाहारी घरातल्या फ्रीझरमध्ये श्रीखंडाच्या डब्यामागे झिंग्यांची पुडी येते, आणि मोहरीएवढा तुकडा चिमट्याने भरवताना या गृहस्थाच्या चेहऱ्यावर जे वात्सल्य दिसते, ते त्याच्या मुलांनी दहावीच्या निकालाच्या दिवशीही पाहिलेले नसते. पुढची पायरी सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची. ते वेगळ्या टाकीत, अंधारात, रोज पाणी बदलून देण्याची पद्धत शौकिनांत रूढ आहे.

‘पेशंटचं वय काय जी?’ कोपऱ्यावरचा औषधवाला विचारतो.

‘सांगता येत नाही.’

‘वजन?’

‘पाण्यात की पाण्याबाहेर?’

औषधवाला यावर गोळ्या पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकतो आणि समोरच्या ओल्या बाहीकडे पाहत ‘घरी कोणी मोठं माणूस आहे काय?’ असे मृदू आवाजात विचारतो.

धीर सुटू लागला की समुद्रपालक स्कॉटलंडच्या आजीचा दाखला देतो. सर जॉन डॅलियेल या निसर्ग-अभ्यासकाने १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रफूल काचेच्या भांड्यात इतके जगले, की १८५१ मध्ये धनी वारल्यावरही ते हस्ते-परहस्ते सांभाळले गेले आणि १८८७ मध्ये मेले. लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणत. ती जात थंड किनाऱ्यावरची, ओहोटीत उघडी पडायला सरावलेली आणि शैवालाच्या आधाराशिवाय जगणारी होती, हा तपशील नागपूरला येईपर्यंत गळून पडतो.

एवढे सगळे असूनही, आणि त्याने ज्यांना ज्यांना घनता समजावून सांगितली त्यांच्या रास्त तक्रारी लक्षात घेऊनही, एक गोष्ट मान्य करणे भाग आहे. वसाहतीतली जी पोरे समुद्र म्हणजे कॅलेंडरवरचे चित्र समजत होती, त्यांना हात, पाय, डोळे नसलेला जीवही भूक लागली की हलतो, हे याच माणसाने दाखवले. वैशाखात वीज जाते आणि पंप थांबतात, तेव्हा शेजारचे एरवी त्याला टाळणारे कुटुंब आपल्या इन्व्हर्टरची वायर गॅलरीतून त्याच्याकडे टाकते व स्वतः गच्चीवर जाऊन बसते. त्या काळोखात कोणी त्याची थट्टा करीत नाही.

त्याच्या टाकीतला विरंजनाचा रोग समुद्रातही आहे. २०२३-२४ मधील सागरी उष्णतेच्या लाटेनंतर लक्षद्वीपमधील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. तेथे चिलर बसवता येत नाही, आणि हात घालायचा नाही हा नियम जो पाळायला हवा होता तो जमिनीवर, कारखान्यांत आणि रस्त्यांवर, जेथे बाही मुळीच ओली होत नाही. समुद्रपालक ही बातमी वाचतो, चष्मा पुसतो, आणि चिलरचा काटा आणखी अर्धा अंश खाली नेतो. त्या चिलरला लागणारी वीज कोराडीच्या कोळशावर तयार होते, हे त्याला कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याच्याही घरी एसी असतो.

रुग्ण बरा होण्याची जी प्रकरणे आढळतात, त्यांत बहुधा अमरावतीचे एखादे जवळचे लग्न येते. नाइलाजाने समुद्रपालक चार दिवस बाहेरगावी जातो, गृहिणी सकाळ-संध्याकाळ आटलेल्या पाण्याची भर घालते आणि त्यापलीकडे टाकीकडे ढुंकून पाहत नाही, आणि तो परततो तेव्हा समुद्रफूल स्वतः निवडलेल्या कपारीत पाय रोवून, तोंड मिटून, बोंडे फुगवून बसलेले असते. पांढऱ्या अंगावर तपकिरी छटाही परतू लागलेली असते. समुद्रपालकाच्या वहीत त्याच रात्री ‘औषधाचा परिणाम उशिरा, पण पक्का’ अशी नोंद होते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर गृहिणी मात्र पुढच्या बाहेरगावच्या लग्नाच्या तारखेला लाल पेनाने गोल करते.