लिंबूपाण्यावर त्रिस्थळी यात्रा

देहाला क्लेश देण्याचे मार्ग आपल्या पूर्वजांनी इतके विपुल शोधून ठेवले आहेत की, त्यांत भर घालण्यास पुढील पिढ्यांना वाव उरला असेल असे वाटत नव्हते. परंतु विसाव्या शतकात अमेरिकेने दोन नवे मार्ग काढले आणि आमच्या एका स्नेह्यांनी ते दोन्ही एकाच मुहूर्तावर आचरण्याचा संकल्प सोडला. पहिला मार्ग स्टॅन्ली बरोज या गृहस्थांचा. त्यांच्या जाबत्यानुसार दहा दिवस अन्न वर्ज्य. लिंबाचा रस, मेपल वृक्षाचा पाक आणि तिखटाची चिमूट पाण्यात कालवून दिवसाकाठी सहा ते बारा पेले घ्यावयाचे, आणि रात्री सोनामुखीचा काढा व सकाळी मिठाचे पाणी पाठवून आतड्यांची झडती घ्यावयाची. दुसरा मार्ग ट्रायथलॉनचा. पोहणारा, सायकल हाकणारा आणि धावणारा यांत खरा दणकट कोण, या वादाचा निकाल लावण्यासाठी जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याने १९७८ साली हवाईतील ओआहू बेटावर तिन्ही शर्यती एकापुढे एक जोडल्या. १५ जण निघाले आणि १२ जण पोहोचले. त्याच घराण्यातली निम्म्या अंतराची शर्यत २०१९ पासून पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर होऊ लागली आहे: समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, मग ९० किलोमीटर सायकल, शेवटी २१.१ किलोमीटर धाव, आणि या साऱ्याला मुदत साडेआठ तासांची. स्नेह्यांनी हिशेब असा बसवला की, शुद्धीचा दहावा दिवस आणि शर्यतीचा रविवार एकच यावा, म्हणजे सर्वथा निर्मळ देह अरबी समुद्राला अर्पण करता येईल.

पुण्याहून प्रस्थान ठेवले तेव्हा गाडीच्या टपावर सायकल होती, मागच्या आसनावर लिंबांची पिशवी होती, आणि मेपलचा पाक खिशाला झेपेना म्हणून त्याची मुखत्यारी जिला देण्यात आली होती ती काकवीची बरणी स्नेह्यांच्या मांडीवर होती. "भावोजी, यांच्यावर जरा नजर असू द्या," असे म्हणत वहिनींनी डिंकाच्या लाडवांचा एक डबा हळूच माझ्या हवाली केला.

पुण्याहून गोव्याला जाणारा मार्ग ज्याने आखला त्याने उपाशी प्रवाशाचा विचार केलेला दिसत नाही. साताऱ्याला कंदी पेढ्यांच्या पाट्या आडव्या येतात, आणि त्यांतून निभावून कोल्हापूर गाठावे तर तेथे तांबडा व पांढरा असे दोन रस्से दुतर्फा उभे असतात. मी मात्र कोणतेच व्रत घेतले नव्हते, त्यामुळे आम्ही एका खानावळीत शिरलो. माझ्यापुढे ताट आले. स्नेह्यांनी पेला मागवला, चमच्याने मोजून लिंबाचा रस घातला, तितकीच काकवी घातली, आणि कागदाच्या पुडीतून तिखट असे काही जपून शिंपडले की जणू सोनाराने मोहोर तोलावी. खानावळीचे मालक हा विधी बराच वेळ न्याहाळीत होते.

"साहेब, उपास कुठल्या देवाचा हो?"

"देवाचा नाही," स्नेही गंभीरपणे म्हणाले, "यकृताचा."

"असं का? हे देवस्थान कुठल्या तालुक्यात येतं?"

स्नेह्यांनी खुलासा केला नाही. वास्तविक तो खुलासा यकृतानेच करावयास हवा होता. कारण ते आणि त्याची सहकारी मूत्रपिंडे रक्तशुद्धीचे काम अहोरात्र, बिनपगारी आणि कोणत्याही लिंबावाचून करीत असतात. स्नेह्यांना भुरळ पडली होती ती वजनाच्या काट्याची. धडधाकट माणसाच्या स्नायूंत व यकृतात मिळून सुमारे अर्धा किलो साखर ग्लायकोजेनच्या रूपाने शिलकीत असते, आणि तिच्या दर ग्रॅमामागे सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. आहार तुटला की देह प्रथम हाच खजिना मोडतो, पाणी वाहून जाते, काटा खाली येतो, आणि ज्या शिलकेवर ९० किलोमीटर सायकल चालवावयाची तिचीच घट ही मनुष्य प्रगती म्हणून वहीत मांडून ठेवतो.

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीमार्गे आम्ही पणजीस दाखल झालो. शर्यतीच्या आदल्या रात्री त्या शहरातील स्पर्धक ओळखण्यास बिल्ल्याची गरज नव्हती. जो भाताचा डोंगर उपसताना दिसेल तो स्पर्धक समजावा. आमच्या शेजारच्या मेजावर एक कृश तरुण शीत-कडीची दुसरी थाळी संपवीत असता स्नेह्यांनी सोनामुखीसाठी गरम पाणी मागवले.

सोनामुखीने आपला हुकूम रात्रभर बजावला. पहाटे मिरामारच्या वाळूवर स्पर्धक रांगेने उभे होते तेव्हा आमची स्वारी दुसऱ्याच एका रांगेत होती आणि तीतून थेट समुद्रात उतरली. सकाळच्या मिठाच्या पाण्याचे जे कलम वेळेअभावी राहून गेले होते, ते अरबी समुद्राने स्वखर्चाने पार पाडले. सायकलीवर पहिल्या फेरीत त्यांनी मला हात केला, दुसऱ्या फेरीत मान हलवली, आणि त्यापुढे माझ्याकडे पाहिले ते अनोळखी इसमाकडे पाहावे तसे.

दोना पावलच्या बाजूने धावण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. स्नेह्यांची चाल धाव या संज्ञेस पात्र राहिली नव्हती. मी डबा उघडून पुढे झालो, तोच एका तरुण स्वयंसेविकेने अडवले: "काका, बाहेरून काही द्यायचं नाही. बाद होतील ते." हवाईच्या आद्य शर्यतीत जॉन डनबर यांच्या सोबत्यांकडचे पाणी संपले तेव्हा त्यांनी त्यांना बिअर पाजली होती आणि तरीही डनबर दुसरे आले, हा दाखला मी सादर केला, परंतु तो फेटाळण्यात आला. उघडा डबा उन्हात धरून उभे राहणे अन्नाचा अवमान ठरला असता, म्हणून मी एक लाडू खाल्ला आणि मग उरलेल्यांचाही अवमान होऊ दिला नाही.

पुढच्या अधिकृत टेबलावर केळी होती. स्नेह्यांनी एक केळे उचलले, सोलले, क्षणभर त्याच्याकडे अपराध्याच्या नजरेने पाहिले आणि दोन घासांत संपवले; दुसऱ्याकडे पाहण्याची औपचारिकता त्यांनी पाळली नाही. त्यावर कोलाचे दोन पेले रिचवताच पायांना पंख फुटावेत तशी स्वारी निघाली, आणि मुदत संपण्यास काही मिनिटे उरली असता अंतिम रेषेपार झाली. गळ्यात पदक पडताच त्यांचे पहिले वाक्य असे: "पाहिलंत? शुद्धीचा प्रताप!"

माझे मत निराळे आहे. व्रत आणि मोहीम दोन्ही थोर. पण शुद्धी करावयाची तर ती घरी बसून करावी, आणि मिरामारच्या पाण्यात उतरावयाचे तर आदल्या रात्री पोटभर भात खावा. वाचकांपैकी कोणी नुसते सोबती म्हणून जाणार असतील, तर त्यांनी लाडवांचा डबा स्वतःच्याच भुकेच्या मापाने भरून न्यावा. तो दुसऱ्याच्या उपयोगी पडू न देण्याची तजवीज नियमांतच केलेली आहे.