पिंगमास्तर

माहूरगडावर नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाची रांग कितीही लांबली तरी ती पुढे सरकते. खाली गावात सेवा केंद्रासमोर जी रांग लागते, तिची अशी हमी कोणी देत नाही. आत बसलेला पोरगा पडद्याकडे बघत मान हलवतो, "सर्व्हर डाऊन हाय" म्हणतो, आणि सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाच्या झेरॉक्सा छातीशी धरून उभी असलेली माणसं पायरीवर बूड टेकतात. सर्व्हर कुठं असतो, तो कोणी पाडला, हे कोणी विचारत नाही. सरकारचं काहीतरी बंद आहे, एवढं कळलं की पुरे.

या श्रद्धेला तोंडावर आव्हान देणारा गावात एकच नास्तिक आहे. "सर्व्हर ठणठणीत हाय. तुझा डबा आजारी हाय," असं तो पोराला सुनावतो. तो म्हणजे पिंगमास्तर. ते शाळेत मास्तर कधीच नव्हते. एमएससीआयटी २००१ साली सुरू झालं आणि तालुक्या-तालुक्यात कॉम्प्युटरचे क्लास निघाले, त्या लाटेत त्यांनी कुठल्याशा क्लासात पोरांना माऊस धरायला शिकवलं. क्लास गेला, मास्तरकी उरली. 'पिंग' नंतर चिकटलं. कोणतीही तक्रार आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पिंग मारून बघितला का?" पिंग म्हणजे काय, तर समोरच्या यंत्राकडे बारीकसा निरोप धाडायचा आणि तो परत येतो का, किती मिलिसेकंदांत येतो, ते बघायचं. मास्तर हा प्रश्न मोबाईलवाल्याला विचारतात, मिक्सर बिघडलेल्या बाईलाही विचारतात.

हा माणूस फक्त माहूरात आहे असं समजू नका. किनवटला आहे, हिमायतनगरला आहे, पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेलात तर तिथंही आहे. पण माहूरच्या नगाला तांबुलाची जोड आहे. गडावरचा प्रसाद म्हणजे कुटलेला विडा. मास्तरांच्या गालात तो बारमाही असतो, त्यामुळे महत्त्वाच्या क्षणी त्यांना बोलता येत नाही. मग ते हनुवटी वर करून बोटांनी सांगतात. आठ बोटं, आठ बोटं, आठ बोटं, आठ बोटं. पोरगं मुकाट्यानं, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या डीएनएसच्या चौकटीत ८.८.८.८ भरतं. गूगलनं २००९ साली जगाला खुला केलेला हा आकडा गावातल्या काही म्हाताऱ्यांनाही पाठ झाला आहे. त्यांना वाटतं, मास्तर बत्तीस रुपये मागतात.

केंद्रात शिरल्यावर ते काय झालं असं विचारत नाहीत. "कोन हात लावला याला?" असं विचारतात. कोणीच लावलेला नसतो. मग खुर्ची रिकामी होते, ते बसतात, विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून 'एनसीपीए डॉट सीपीएल' हे न बघता टाईप करतात. पडद्यावर जोडण्यांची खिडकी उघडते आणि रांगेतली चार डोकी दारातून आत येतात. या क्षणासाठी मास्तर जगतात, असं माझं मत आहे. नेट सुरू होणं त्यांच्या लेखी दुय्यम.

'ऑटोमॅटिक' या प्रकारावर त्यांचा राग आहे. खरं तर राऊटर प्रत्येक कॉम्प्युटरला आपणहून पत्ता देतो आणि नवरात्रातल्या लॉजच्या मॅनेजरचंच काम करतो. आला यात्रेकरू, दिली खोली. गेला, तीच दुसऱ्याला. मॅनेजर जागेवर नसेल तर कॉम्प्युटर स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा एक पत्ता लावून घेतो, म्हणजे व्हरांड्यात पथारी टाकतो. तिथं झोपता येतं, पण आतलं काही मिळत नाही. मास्तरांना ही देवाणघेवाण मंजूर नाही. "आज एक नंबर, उद्या दुसरा, ही काय रीत झाली?" म्हणून ते प्रत्येक कॉम्प्युटरला हातानं कायमचा पत्ता ठोकून देतात. तो आकडा मोठ्यानं उच्चारत नाहीत, कानाशी येऊन सांगतात. वास्तविक १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते १९९६ च्या एका नियमानं खासगी वापरासाठी मोकळे सोडलेले आहेत. माहूरच्या झेरॉक्सवाल्याकडे जो पत्ता, तोच न्यूयॉर्कातल्या एखाद्या न्हाव्याकडेही असू शकतो, आणि दोघांचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते एकाच राऊटरवर दोघांनी एकच पत्ता लावल्यावर. मास्तरांना दहा हा आकडा आवडतो. सेवा केंद्राला त्यांनी १९२.१६८.१.१० दिला. गल्लीपलीकडच्या झेरॉक्सवाल्याचं आणि केंद्राचं कनेक्शन एकच. पुढं झेरॉक्सवाल्यानं नवा कॉम्प्युटर आणला, त्यालाही मास्तरांनी दहाच दिला. मग झेरॉक्सवाल्यानं मशीन आधी सुरू केलं की केंद्राचं नेट जाई, केंद्र आधी सुरू झालं की झेरॉक्सवाल्याचं. पडद्यावर पत्त्यांची टक्कर झाल्याचा निरोप येई, पण तो इंग्रजीत असल्यामुळे दोघांनी बंद करून टाकला आणि एकमेकांवर संशय घेतला. केंद्राच्या दाराला लिंबू-मिरची लागली. झेरॉक्सवाल्यानं दोन लावल्या. शेवटी मास्तरांना बोलावलं. त्यांनी खिशातली वही काढली, हिशोब पाहिला, एकाचा दहा खोडून अकरा केला आणि दोघांकडून वेगवेगळे पैसे घेतले. टक्कर घातली कोणी, हा विषय निघाला नाही.

त्यांची खरी हुशारी वायरीत आहे, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. आठ तारा, चार जोड्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एवढं एका श्वासात म्हणत ते तारा सरळ करतात, जॅकमध्ये सारतात आणि क्रिंपिंगचा चिमटा दाबतात. चिमट्याचा 'कट्' झाला की डोळे मिटतात. वायरीतून कॉम्प्युटर जोडण्याची ही इथरनेटची कल्पना बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ ला एका टिपणात मांडली, ती कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात. त्यासाठी पुढे त्यांना २०२२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. माहूरातही नेट झेरॉक्सच्याच दुकानात मुक्कामाला असतं, तेव्हा परंपरा खंडित झालेली नाही.

शंभर मेगाबिटांच्या वेगाला आठांपैकी चारच तारा लागतात, हे मास्तरांना कळलं त्या दिवसापासून ते उरलेल्या चार तारांवर दुसरा कॉम्प्युटर चालवतात. एका वायरीत दोन संसार. चालतं, नाही असं नाही. फक्त नव्या गिगाबिट मशीनला आठही तारा लागतात आणि ते बिचारं शंभरावर रखडतं. कधी जोड निसटला तर खापर माकडांवर. काशीत घाटाजवळ टाकलेल्या फायबरच्या तारा माकडांनी कुरतडल्याची बातमी २०१५ साली जगभर गाजली होती. मास्तर ती अजून सांगतात. "काशीत झालं ते माहूरात काहून नाही होणार?" गडावर माकडं पुष्कळ आहेत, त्यामुळे वाद घालता येत नाही.

या सगळ्याचा कळस झाला २०२४ च्या जुलैत. एका बाजूला एक रुपयातला पीकविमा, दुसऱ्या बाजूला लाडक्या बहिणीचे अर्ज. सोयाबीन, कापूस, तुरीचा पेरा लिहून आणलेले शेतकरी आणि हमीपत्रं घेऊन आलेल्या बाया एकाच पायरीवर बसलेल्या, आणि ऐन सकाळी नेट गेलं. पोरानं सर्व्हरवर ढकलून पाहिलं, पण झेरॉक्सवाल्याकडे सगळं चालू. मास्तर आले.

पडद्याच्या कोपऱ्यात लाल फुली होती. केबल जोडलेली नाही, असं कॉम्प्युटर सरळ सांगत होता. मास्तरांनी केबलीचं टोक दाबून पाहिलं, पक्कं होतं. "हा काहीबी दाखवतो," म्हणाले. मग पत्ता दहाचा बारा केला, बाराचा वीस. डीएनएस आठांवरून दुसऱ्यावर नेला, परत आठांवर आणला. काळ्या खिडकीत १२७.०.०.१ ला पिंग मारला, चार उत्तरं टकाटक आली. "बघा, चालू हाय!" दारातून कोणीतरी टाळी वाजवली. हा पत्ता म्हणजे कॉम्प्युटरनं स्वतःलाच मारलेली हाक. ती वायर काढून, दार लावून मारली तरी ऐकू येते. एका पोरीनं मोबाईलचं हॉटस्पॉट देऊ केलं, तर मास्तरांनी हातानंच नाही म्हटलं. वायर ती वायर. आणि मग त्यांनी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मुळासकट काढून टाकला. "आता नवा टाकायचा." कुठून? "नेटवरून."

पायरीवर शांतता पसरली. तेवढ्यात रांगेतल्या अकराव्या-बाराव्या माणसानं विचारलं, "मास्तर, ते माझ्या टपरीत तुम्ही डबडं टांगलं होतं, त्याला करंट लागतो का?"

तो पानटपरीवाला होता. तांब्याच्या वायरीवर इथरनेट शंभर मीटरच्या पुढं धड चालत नाही. झेरॉक्सपासून केंद्रापर्यंत वायर वळसे घेत जाते, अंतर पुरत नव्हतं, म्हणून मास्तरांनी मध्ये नेटचा एक स्विच टाकून त्याच्या टपरीतल्या चुन्याच्या डब्याशेजारी टांगला होता. वीज टपरीची. आणि टपरीवाला त्या दिवशी मेन स्विच पाडून, कुलूप लावून, स्वतःचा विमा भरायला रांगेत उभा होता.

"जा की मामा, उघडा!" सगळे ओरडले. मामा जागचे हलेनात. नंबर जाईल, म्हणाले. चावी देतो म्हटलं तर गल्ल्यात पैसे. शेवटी अख्ख्या रांगेनं देवीची शपथ घेतली की नंबर राखू, तेव्हा मामा गेले. मेन चढवला. स्विचवरचे हिरवे दिवे लागले. केंद्रात मात्र ड्रायव्हर नव्हता. तो त्या हॉटस्पॉटवाल्या पोरीच्या मोबाईलवर उतरवून, यूएसबी केबलीनं कॉम्प्युटरमध्ये घेतला. या काळात मास्तर तोंडात तांबूल असल्यामुळे काही बोलले नाहीत.

मला विचाराल तर मास्तर अडाणी नाहीत. त्यांना आकड्यांतलं कळतं आणि बिघाड बहुधा प्लगात असतो, एवढीच अडचण. गावानं त्यांना सोडलेलं नाही, कारण कुणाचा पत्ता काय ते फक्त त्यांच्या वहीत लिहिलेलं आहे आणि वहीतलं अक्षर फक्त त्यांना लागतं. टपरीचं विजेचं बिल तेव्हापासून सेवा केंद्र भरतं. मास्तरांची फी वेगळी.