कुण्या घरची बॅग?

आमच्या पाटोदा तालुक्यात एक अमळनेर आहे. साने गुरुजींच्या, जळगावकडच्या अमळनेरशी गल्लत नको म्हणून याला 'भांड्याचे अमळनेर' म्हणतात. खुद्द पाटोद्याचीही तीच गत. एक पाटोदा येवल्याजवळ, दुसरा छत्रपती संभाजीनगरजवळ, आदर्श गाव म्हणून गाजलेला. त्यामुळे पुण्यात कुणी विचारलं की 'सौताड्याचा धबधबा आहे ना, तो पाटोदा' असं सांगावं लागतं. गावाच्याच गळ्यात ओळखचिठ्ठी बांधून हिंडणारी माणसं आम्ही! तरी आत्याच्या बॅगेवर तिचं नाव नव्हतं.

आत्या निघाली होती काशी-अयोध्येला. यात्रावाल्यांनी प्रत्येकाला एकेक निळी बॅग भेट दिलेली. बसभर तीच बॅग, तीच चेन. नाव छापलेलं होतं, पण यात्रावाल्याचं. एवढ्या निळ्या बॅगा धर्मशाळेच्या ओसरीत एकदम उतरल्या, की एकीची नऊवारी दुसरीच्या अंगावर आणि तिसरीची कवळी चौथीच्या पिशवीत जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

शेवटी माझ्या मुलीनं टॅग करायचं मनावर घेतलं. सामान घरातच होतं. नातवाच्या टोपड्यातून उरलेली लोकर, फेविकॉल, दाभण आणि लग्नपत्रिका. पत्रिका आमच्याकडं कुणी वाचत नाही आणि गणपती छापलेला म्हणून टाकतही नाही. त्यांचा गठ्ठा कपाटात वर्षानुवर्षं वाढतो. आत्यानं गणपती तेवढे कापून देवघरात ठेवले, मग कात्री चालू दिली. दोन पदर चिकटवून वर पाटा ठेवला. सुकल्यावर दाभणानं भोक पाडलं आणि लोकरीनं फाटू नये म्हणून भोवती चिकटपट्टी लावली. लोकरीची तिपेडी वेणी आत्यानं घातली. गोंडाही तिचाच: चार बोटांवर लोकर गुंडाळायची, मधोमध करकचून बांधायची, दोन्हीकडची टोकं कापायची आणि मग कात्रीनं त्याची हजामत करायची. पोळ्याला बैलांसाठी गोंडे करणारा हात तो! मुलीचा गोंडा शेजारी ठेवला तर झोपेतून उठल्यासारखा दिसत होता.

"टॅग चेनीला नाही, हँडलला बांधायचा," मुलगी म्हणाली. "चेनीला ओढ बसते." इथवर एकमत होतं. भांडण पेटलं मजकुरावर.

"नाव आणि मोबाइल नंबर, बस."

"नुसत्या नावानं काय कळतंय? कुण्या घरची ते लिव्ह."

घर आलं. मग मारुतीच्या पाराची खूण आली, माहेरचं गाव आलं. थोरल्या जावेचं नाव मात्र 'ती कुठं येतीय' म्हणून गाळलं. नंबर पुण्यातल्या मुलाचा. तो आईचाही फोन उचलत नाही, ते वेगळं. पत्रिका पुरेना. मुलगी वैतागून म्हणाली, "अगं आजी, विमानतळावर बॅगेला पट्टी लावतात, तिच्यावर दहा आकडी नंबर असतो. तेवढ्यावर बॅग जगभर फिरते!"

"दहाच?" आत्यानं गोठ्यातल्या बैलाकडं बोट केलं. "त्याच्या कानातला बिल्ला मोज की."

मुलगी खरंच जाऊन मोजून आली. पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे. दारात शेण तुडवणारा बैल विमानापेक्षा दोन आकड्यांनी पुढं निघाल्यावर वाद कसला घालणार? टॅगला दुसरी पत्रिका जोडली गेली. तिच्या मागच्या बाजूला 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' तसंच राहिलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आता बॅग ज्याला सापडंल, त्यानं काय करायचं ते लिव्ह," आत्या म्हणाली.

"काय करायचं?"

"घरी आणून द्यायची. अन् जेवून जायचं."

मुलीनं लिहिलं. आत्यानं वाचून घेतलं, जरा विचार केला.

"खाली कंसात घाल, बॅग उघडून बघितली असंल तर नुसता चहा."