शिरःप्रांताचा बंदोबस्त

मनुष्यदेहातील ज्या प्रांतावर त्याच्या मालकाची दृष्टी आयुष्यात कधी धड पोहोचत नाही, परंतु ज्याची खडान्‌खडा माहिती केशकर्तनकारास, आप्तेष्टांस आणि नाट्यगृहात मागच्या रांगेत बसलेल्या संपूर्ण अपरिचित गृहस्थांस असते, असा प्रांत म्हणजे टाळू होय. ज्यांची टाळू कोरडी, हुळहुळी व खपल्यांनी आच्छादलेली असून कोणत्याही प्रहरी फिर्याद घेऊन उभी राहते, अशा समदुःखी जनांच्या उपयोगार्थ ही मार्गदर्शिका सिद्ध केली आहे. लेखकाची पात्रता विचाराल तर तो वैद्य नव्हे, त्या प्रांताचा बावीस वर्षांचा वहिवाटदार आहे. आणि वहिवाटीपुढे सनदेचे फारसे चालत नाही, हे आपल्याकडील जमिनीच्या दाव्यांवरून सर्वांस विदित आहेच.

प्रथम प्रकरणाची नोंद योग्य सदरात व्हावी. डोक्यातून पांढरे काही गळू लागले की सर्वसामान्य मनुष्य ते ‘कोंडा’ या एकाच सदरात जमा करून मोकळा होतो. परंतु कोंडा बहुधा बारीक, किंचित तेलकट, झटकताच उडणारा आणि भुवया व नाकाच्या कडा येथेही शाखा उघडणारा असतो, उलट सोरायसिसची खपली जाड, कोरडी व चंदेरी असून तिच्याखालची त्वचा लालसर, सावळ्या वर्णावर जांभळट, आणि चट्ट्याची सीमा मोजणीदाराने आखल्यासारखी स्पष्ट असते, व तो केसांची हद्द ओलांडून कपाळावर आणि कानांमागे अतिक्रमण करतो. कोपर-गुडघ्यांवर तसेच चट्टे आणि नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे असतील, तर संशय बळावतो. संशय बळावला म्हणजे निकाल लागला असे मात्र नव्हे. दोन्ही विकार एकाच डोक्यात गुण्यागोविंदाने नांदू शकतात, नायटाही त्यांचे सोंग आणतो, आणि प्रसंगी त्वचारोगतज्ज्ञासही त्वचेचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. तेव्हा न्हाणीघरातील आरशास न्यायाधीशाचे अधिकार देऊ नयेत.

मूळ भानगड समजून घेण्याजोगी आहे. त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी पृष्ठभागी येऊन गळून पडण्यास साधारणतः महिनाभर लागतो. सोरायसिसमध्ये देहाचे संरक्षणखातेच गैरसमजुतीने तातडीचे हुकूम सोडू लागते, आणि महिन्याचे हे काम अवघ्या तीन-चार दिवसांत उरकले जाऊन कच्च्या पेशींचे ढीग दारात साचतात. ज्या कचेरीत कामाचा वेग हाच रोग ठरला, अशी आमच्या पाहण्यातील ही एकमेव कचेरी होय.

यानंतरचा कठीण प्रसंग केशकर्तनालयाचा. आमच्या गल्लीतील कारागिराने एकदा अर्ध्या कापणीवर कात्री थांबवली, दुकानातील सर्व गिऱ्हाइकांस ऐकू जाईल अशा हलक्या आवाजात, “साहेब, डोक्यात हे काय झालंय हो?” अशी पृच्छा केली, आणि वेगळा कंगवा शोधण्याच्या मिषाने जो आत गेला तो शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थ उठून गेल्यावरच बाहेर आला. सोरायसिस स्पर्शाने, कंगव्याने, टॉवेलाने वा शेजारी बसल्याने कोणासही लागत नाही. पूर्वी युरोपातही तो कुष्ठरोगाच्याच खात्यात मोडत असे. १८४१ साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी दोहोंची कायमची फारकत करून दिली, परंतु तो खलिता आमच्या गल्लीपर्यंत अद्याप पोहोचावयाचा आहे. तोवर वाचकाने खुर्चीवर बसण्यापूर्वीच, कोणी न विचारता, खुलासा सादर करावा. त्याने कारागिराची खात्री पटते असे नाही, पण निदान केस दोन्ही बाजूंनी सारखे कापले जातात.

लग्नकार्यात जाताना काळा कोट वर्ज्य. पांढरा सदरा परिधान केल्यास अर्धा उपचार झालाच. उरलेला अर्धा जमलेली मंडळी करतात. आमच्या वहिनींनी कांद्याचा रस सुचवला, मामांनी लिंबू, आणि वधूपक्षाकडील एका मावशींनी, ज्यांची व आमची ओळख अक्षता पडतानाच झाली होती, आंबट दह्याचा आग्रह धरला. आज्ञाधारकपणाने आम्ही कांद्यापासून आरंभ केला. चिरलेल्या त्वचेवर कांदा काय करतो, याचे वर्णन सभ्य नियतकालिकात करणे अशक्य आहे. तीन दिवस घरातील मुले मात्र भजी केव्हा होणार म्हणून विचारीत होती. खोबरेल तेलाविषयी एवढेच सांगतो की खपली मऊ करण्यास ते खरोखर उपयोगी पडते. पण विकार कोंड्याचा असेल, तर त्यामागील बुरशी तेलकट द्रव्यांवरच पोसली जात असल्याने रात्रभर चोपडलेले तेल हे तिला सरकारी खर्चाने घातलेले जेवण ठरते.

येथे गोव्याचे ऋण नमूद केले पाहिजे. ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या पोकळीतून निघणारी पिवळसर भुकटी पोर्तुगीजांमार्फत गोव्यास आली, नायट्यावरील औषध म्हणून मुंबईपर्यंत विकली गेली, आणि जगाने तिचे जन्मगाव विसरून तिला ‘गोवा पावडर’ हेच नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनचे डॉक्टर बालमॅनो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर वापरली, आणि तिच्यातील द्रव्याच्या धर्तीवर १९१६ साली जर्मनीत डायथ्रॅनॉल तयार झाले. गुण येतो, परंतु त्वचा, उशीचे अभ्रे आणि न्हाणीघराची फरशी यांवर ते जांभळट-तपकिरी असा ठसा उमटवते की, धुतल्याने तो जाईल ही आशा धोब्याने प्रथम सोडली आणि नंतर आम्ही.

हल्लीचे उपचार त्यामानाने सोवळे आहेत : खपली सैल करणारे सॅलिसिलिक आम्ल, डांबरापासून केलेला शाम्पू, स्टेरॉइडचे लोशन, ‘ड’ जीवनसत्त्वाच्या जातीचे कॅल्सिपोट्रिऑल, आणि हट्टी प्रकरणी पोटातून वा सुईने द्यावयाची औषधे. गंमत ही की, पुष्कळांचे औषध वर्षानुवर्षे केसांनाच लागते. भांग पाडून ते त्वचेवर लावावयाचे असते, आणि औषधी शाम्पू डोक्यास दाखवून लगेच धुवावयाचा नसून पाच-दहा मिनिटे तिथे मुक्कामास ठेवावयाचा असतो. स्टेरॉइडची मुदत डॉक्टरांनी मुक्रर करावी, औषधाच्या दुकानातील मुलाने नव्हे. विशेषतः स्टेरॉइडच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत, कारण त्या थांबवताच विकार पूर्वीपेक्षा भयंकर स्वरूपात उसळू शकतो. सकाळी सांधे आखडत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानी घालावे, कारण हा कारभार टाळूपुरता मर्यादित राहतोच असे नाही. आणि भिंतीवरील जाहिरातीत ‘मुळासकट बरा’ अशी हमी दिसल्यास भिंतीकडे कौतुकाने पाहून पुढे चालू लागावे. सोरायसिस आटोक्यात राहतो, वर्षानुवर्षे दडूनही बसतो, पण त्याचे मूळ उपटल्याचा दाखला अद्याप कोणत्याही दप्तरी नाही.

या सर्व बंदोबस्तास सुरुंग लावणारा फितूर मात्र घरातच आहे. तो म्हणजे आपला हात. हाइन्‍रिख कोबनर यांनी १८७२ साली दाखवून दिले की सोरायसिसच्या रोग्यास जेथे इजा होते तेथेच नवा चट्टा उगवू शकतो. म्हणजे खाजवणारे नख हे जुन्या वसाहतीची जप्ती करीत नसून नव्या वसाहतीची पायाभरणी करीत असते, आणि हट्टाने सोललेल्या खपलीखाली रक्ताचे बारीक ठिपके उभे राहतात ते निराळेच. आम्ही नखे मुळापर्यंत कापली, बारीक दातांची फणी बंबात घातली, झोपताना मोजेही हातांत चढवून पाहिले. तरी वर्तमानपत्रातील अग्रलेख वाचताना, परिच्छेद दुसरा आला की, उजवा हात कोणाचीही परवानगी न घेता वर जातो, आणि परततो तेव्हा त्याच्याजवळ पुरावा असतो.

प्रस्तुत हस्तलिखित रवाना करण्यापूर्वी खिडकीबाहेर दोनदा झटकले आहे. तथापि एखाद्या पानाच्या घडीत चंदेरी असे काही आढळल्यास संपादकांनी निःशंक मनाने फुंकर मारावी; ते लागत नाही.